रमाबाईंची न लिहिलेली वर्षे

एकनिष्ठ माणसाचे स्मरण करणे अवघड असते. आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, तर तो दुसऱ्याच कुणाकडे पाहण्यात तल्लीन झालेला दिसतो. त्याच्या दृष्टीचा माग घेत जावे, तर आपण त्याच्या आराध्यापाशी पोचतो आणि तो स्वतः मागेच राहून जातो. संतांच्या बाबतीत हे आपण सहज स्वीकारतो, कारण त्यांचे आराध्य अदृश्य असते. संसारातल्या निष्ठेने मात्र आपण गोंधळतो, आणि ती निष्ठा स्त्रीची असली तर अधिकच. जुन्या काळाने अशा स्त्रीला पतिव्रता म्हणून देव्हाऱ्यात बसवले, नव्या काळाला तिच्यात दडलेली बंडखोर हवी असते, आणि ती स्वतः काय सांगते आहे ते शेवटपर्यंत ऐकून घेण्याइतका धीर दोन्ही काळांकडे नसतो. रमाबाई रानडे यांचे चरित्र मनात घोळवताना ही अडचण मला नेहमीच जाणवत आली आहे, आणि त्या अडचणीतच त्यांच्या आयुष्याचे मर्म असावे असेही वाटत आले आहे.

त्यांचा विवाह १८७३ साली झाला. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी तेव्हा ११ वर्षांची होती, आणि वर होते महादेव गोविंद रानडे, वय ३१, पुण्यातले न्यायाधीश, विद्वत्तेसाठी साऱ्या इलाख्यात विख्यात, आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले एक अग्रणी. पहिली पत्नी नुकतीच निवर्तली होती. आता हा सुधारक एखाद्या विधवेचा हात धरील अशी त्यांच्या स्नेह्यांची अपेक्षा होती आणि वडिलांना नेमकी तीच भीती होती. वडिलांनी घाईने कुमारिका निवडली, मुलाने आधी विरोध केला आणि मग मान तुकवली. त्या मान तुकवण्याची चर्चा दीडशे वर्षे चालू आहे. मला तो प्रसंग रानड्यांच्या आयुष्यातला सर्वांत दुर्बळ क्षण वाटतो, आणि त्यांनाही तो तसाच वाटला असावा, असे पुढे त्यांनी जे केले त्यावरून वाटते. पण या साऱ्या चर्चेत एक गोष्ट क्वचितच कुणी विचारते: त्या ११ वर्षांच्या मुलीचे काय? तत्त्व आणि पितृभक्ती यांच्या संघर्षात ती कुणाच्याच बाजूची नव्हती. तिला या गोष्टीत केवळ आणून बसवले गेले होते.

तिला अक्षरओळख नव्हती. सासरी आल्यावर लवकरच एका रात्री तिच्या हाती पाटी आली, आणि दिवसभर न्यायालयात बसून आलेला तो प्रौढ पुरुष तिला मुळाक्षरे गिरवायला शिकवू लागला. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजातली शिक्षिका आली, मराठी पक्के झाले, मग इंग्रजी सुरू झाले. एका अपराधी विवेकाने स्वतःसाठी शोधलेले हे प्रायश्चित्त होते की शिकवण्याचा निखळ आनंद होता, हे कोण सांगणार? माणसाच्या मनात या दोन गोष्टी इतक्या एकमेकींत मिसळून वाहतात की त्यांचा संगम कुठे झाला ते त्यालाही ठाऊक नसते.

घरात मात्र या पाटीने वणवा पेटला. रमाबाईंच्या आठवणींतली ही पाने मी सर्वांत सावकाश वाचतो. माडीवर पुस्तक आणि खाली स्वयंपाकघर, आणि मधला जिना हीच जणू दोन शतकांमधली सीमा. वर जाताना एक मुलगी आणि खाली उतरताना दुसरी. वर चार ओळी नीट वाचल्याबद्दल शाबासकी मिळे, तर खाली तेवढ्याचसाठी अबोला, टोमणे, कामातले खोडे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिकणे म्हणजे मर्यादेचा भंग वाटत होता. त्यांत तरुणपणीच विधवा झालेली नणंदही होती, बुद्धीने तल्लख आणि जिभेने तिखट. तिच्यावर रागावणे सोपे आहे. मला ते जमत नाही. जिच्या हाती कधी कुणी पाटी दिली नाही, जिचे पुढचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या संसारात राबण्यात जायचे होते, तिने रोज संध्याकाळी माडीवरून येणारा तो वाचनाचा स्वर ऐकायचा, यात केवढी यातना असेल! जे आपल्याला नाकारले गेले ते दुसऱ्याला सहज मिळताना पाहणे ही मत्सराची नव्हे, शोकाची जागा आहे. फक्त त्या शोकाला व्यक्त व्हायला मत्सराखेरीज दुसरी भाषा शिकवली गेलेली नसते. रमाबाईंनीही त्या छळाचे वर्णन कडवटपणाने केलेले नाही. सोसले, आणि जिना चढत राहिल्या.

रात्रीचे चित्र वेगळे आहे. रानडे आडवे झालेले, रमाबाई त्यांच्या तळपायांना तूप चोळत आहेत, वाचून दाखवत आहेत, आणि अर्धवट झोपेतही त्यांच्या तोंडी तुकोबांचा एखादा चरण घोळतो आहे. पायांशी बसणे आणि ग्रंथ वाचणे या एका देहाच्या एकाच वेळच्या दोन क्रिया. आजच्या वाचकाची नजर पायांवर खिळते, कालच्या वाचकाची ग्रंथावर खिळली असती. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय हा विवाह कळत नाही. त्यात समानता नव्हती, हे नि:संकोच म्हणावे. रानड्यांना नाराजी दाखवायची असली की ते बोलणे थांबवीत. आवाज चढवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. रमाबाईंच्या हातून एखादी गोष्ट त्यांच्या मनाविरुद्ध घडली की त्यांचे ते शांत, निर्विकार मौन तिला असह्य होई, आणि क्षमा मागून ते सुटेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे. मृदू माणसाच्या हातातली सत्ता ही कठोर माणसाच्या सत्तेहून अधिक खोल उतरते, कारण तिच्याविरुद्ध बंड करायला कारणच सापडत नाही. प्रेम आणि अधिकार यांची ही वीण उसवून पाहायचा मोह मला अनेकदा झाला आहे. पण वीण उसवली की हाती वस्त्र उरत नाही, सुटे धागे उरतात.

इथे मला बहिणाबाई शिऊरकर आठवतात. सतराव्या शतकातल्या त्या संत कवयित्रीने तुकोबांना गुरू मानले, आणि तिच्या अभंगांतल्या आत्मकथनात तिचा पती तिच्या भक्तीच्या आड उभा असलेला दिसतो. मारहाण, क्रोध, आणि मग पुष्कळ यातनांनंतर आलेला समेट. बहिणाबाईंना देव आणि संसार यांच्यामधून वाट काढावी लागली. रमाबाईंच्या वाट्याला आलेली परीक्षा निराळी होती. त्यांचा गुरू घरातच होता, पतीच्या रूपाने, आणि म्हणून त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की ज्याच्याकडून सारे मिळाले त्याच्या सावलीतून बाहेर कसे पडायचे, आणि पडायचे तरी का. प्रतिकूल पतीपुढे स्त्रीला स्वतःचे अस्तित्व सिद्ध करता येते. अनुकूल पतीपुढे ते सिद्ध करण्याची गरजच वाटत नाही, आणि तिथेच ते विरून जाण्याचा धोका अधिक.

तरीही त्यांचे स्वतंत्र मन ठायी ठायी डोकावते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, आणि घरचा रोष पत्करून रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. मुलींच्या हायस्कुलासाठी, म्हणजे १८८४ साली सुरू झालेल्या आजच्या हुजूरपागेसाठी, भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजी निबंध वाचला आणि त्याची किंमत त्या दिवशीच स्वयंपाकघरात मोजली. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून उठलेल्या वादळात रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, तेव्हा रमाबाईंना मनापासून वाईट वाटले, आणि ते त्यांनी लपवले नाही. धर्माच्या बाबतीत त्या पतीसारख्याच प्रार्थनेच्या माणूस होत्या. ईश्वर एक आहे, तो अंतर्यामी आहे आणि रोजच्या कर्तव्यातून त्याची पूजा होते, ही श्रद्धा त्यांनी वादविवादात कधी आणली नाही. ती त्यांच्या दिनक्रमातच होती. जी श्रद्धा सिद्ध करून दाखवावी लागत नाही, तीच बहुधा माणसाला संकटात पुरते.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाईंनी पुण्याच्या घरात जवळजवळ वर्षभर स्वतःला कोंडून घेतले. त्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह १९१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबते. वाचक म्हणून मला ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. सत्तावीस वर्षांच्या सहजीवनाचे बारीकसारीक तपशील ज्या लेखणीने टिपले, तिने पुढच्या तेवीस वर्षांबद्दल एक पानही लिहिले नाही. आणि ज्यासाठी महाराष्ट्राने त्यांचे ऋणी राहावे ते सारे घडले त्या न लिहिलेल्या वर्षांत. आपल्या आयुष्याची कथा संपली असे त्यांना खरोखर वाटत होते. मग १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या कामात सुधारक रा. गो. भांडारकर यांच्या आग्रहाने त्या ओढल्या गेल्या, आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचे सेवासदन उभे राहिले.

सेवासदनात काय चालत असे ते डोळ्यांपुढे आणावे. प्रौढ बायका, पुष्कळशा विधवा, पंचविशी-तिशीत मुळाक्षरे गिरवत आहेत, शिवण शिकत आहेत, आणि त्यांतल्या काही ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला जात आहेत. त्या काळी वरच्या जातीतल्या स्त्रीने परक्या देहाला, कुठल्याही जातीच्या देहाला, हात लावायचा, रक्त-पू पुसायचे, रात्रपाळी करायची, ही कल्पनाच धाडसाची होती. रानड्यांनी असे काम कधी केले नव्हते. त्यांचे सामर्थ्य अर्ज, व्याख्याने, ग्रंथ, सभा यांचे. ते समाजाला विचाराने हलवू पाहत. रमाबाईंनी तोच ध्यास हातांच्या कामात उतरवला. रुग्णाच्या देहाशी लक्षपूर्वक वागणे ही एक कारागिरी आहे आणि ती दीर्घ अभ्यासाने हाताला येते. पतीच्या तळपायांशी बसून जे लक्ष देणे त्या शिकल्या होत्या, ते त्यांनी अनोळखी माणसांच्या उशाशी नेऊन ठेवले. निष्ठेचे शिक्षण एका व्यक्तीपाशी होते आणि तिचा विनियोग त्या व्यक्तीच्या पलीकडे होतो, असे जर कुठे मी स्पष्ट पाहिले असेल तर ते इथे.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातला प्रसंग आहे. बक्षीस घ्यायला एक केशवपन केलेली, आलवणातली विधवा व्यासपीठाकडे निघाली, आणि गॅलरीत बसलेले कॉलेजचे विद्यार्थी हुर्यो करू लागले. आभार मानायला उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी आभार बाजूला ठेवले आणि त्या मुलांना थेट विचारले, की ज्यांच्या घरात अशीच एखादी बहीण, आत्या, मावशी आहे त्यांना सुशिक्षित म्हणवून घेताना हे कसे सुचते? सभागृह चिडीचूप झाले. एके काळी इंग्रजी निबंध वाचून घरी आल्यावर खाली मान घालून उभी राहिलेली तीच स्त्री आता भर सभेत तरुणांना माना खाली घालायला लावत होती. तिच्या नणंदेच्या वाट्याला आलेले आयुष्य त्या क्षणी तिच्या मनात नव्हते असे मी मानू शकत नाही.

येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला त्या नियमाने जात. १९१३ साली दुष्काळात होरपळणाऱ्या गुजरात-काठेवाडात मदतीला गेल्या. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण केवळ मुलांपुरते ठेवण्याचा घाट घातला गेला तेव्हा मुलींसाठी बायकांना घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या, आणि मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीचे नेतृत्वही त्यांनी केले. हे सारे करताना त्यांच्या अंगावर वैधव्याचा साधा वेष होता आणि तोंडी रानड्यांचे नाव. रानड्यांची धर्मपर व्याख्याने त्यांनीच प्रसिद्ध केली. सुधारणेची इतकी मोठी झेप एवढ्या जुन्या पेहरावात घेतली गेली म्हणून ती पुष्कळांच्या लक्षातच आली नाही. सनातनी घरांनी आपल्या मुली निर्धास्तपणे त्यांच्या हाती सोपवल्या त्यामागेही हेच कारण असावे. पेहराव हा त्यांचा डावपेच नव्हता, ती त्यांची श्रद्धाच होती. आणि जी श्रद्धा डावपेच नसते तिच्यावरच लोक असा विश्वास टाकतात.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षात सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आषाढी-कार्तिकीला आळंदीला गेल्या. यात्रेच्या गर्दीत बायकांना लागेल ती मदत करायची, एवढाच उद्देश. तुकोबांच्या चरणांवर रात्री जागवणारे घर आणि वारकऱ्यांच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या या स्वयंसेविका यांच्यात पन्नास वर्षांचे अंतर होते. ते अंतर रमाबाई स्वतःच्या पायांनी चालून आल्या होत्या. पतीने त्यांना पहिले अक्षर दिले, हे खरे. पण परिचारिकांचे शिक्षण, तुरुंगातल्या भेटी, आळंदीची सेवा यांतले काहीच त्यांनी सांगितलेले नव्हते, आणि त्यांच्या हयातीत त्यांना ते सुचलेही नसते. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. या कामाचे श्रेय त्या जन्मभर रानड्यांच्या नावे जमा करीत राहिल्या. ते रमाबाईंच्या नावे मांडणे हे आपल्याकडे बाकी राहिलेले काम आहे.