मंदिरातून निघालेले पाणी आणि कुंडलिका नदी



दरवर्षी 9 नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा रोमच्या लाटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण साजरा करते. त्या दिवशीचे पहिले वाचन यहेज्केल संदेष्ट्याच्या 47 व्या अध्यायातले असते. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याची बारीकशी धार निघते आणि पूर्वेकडे वाहू लागते. घरी बायबल उघडून पूर्ण अध्याय वाचा, म्हणजे मिस्सेत वगळलेला भागही सापडेल. संदेष्ट्याला नेणारा पुरुष हजार हात मोजतो, तेथे पाणी घोट्यापर्यंत असते. आणखी हजार हातांवर ते गुडघ्यापर्यंत येते, मग कमरेपर्यंत, आणि शेवटी पाय टेकतच नाहीत. ही नदी मृत समुद्राला मिळते, त्याचे खारे पाणी गोडे करते आणि त्याच्या काठावर कोळी जाळी वाळत घालतात.

या नदीची एक गोष्ट लक्षात घ्या. जसजशी ती मंदिरापासून दूर जाते, तसतसे तिच्यातले जीवन वाढत जाते. सर्वात जास्त मासळी मंदिराजवळच्या माणसाला मिळत नाही. ती सर्वात खालच्या टोकाच्या कोळ्याला मिळते.

आता आपल्या जवळची एक नदी पाहू. आपल्या युवकांना सहलीचे विचारले की हल्ली ‘कोलाडला राफ्टिंग’ हे उत्तर हमखास येते. मुंबईपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी आहे. भर उन्हाळ्यात, आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले असताना, सकाळी तिच्यात फेसाळते पाणी येते आणि रबरी तराफे बारा-तेरा किलोमीटर उसळत जातात. (नौका म्हणजे ख्रिस्तसभा हे प्रवचन तुम्ही पुष्कळदा ऐकले आहे, तिकडे मी आज वळत नाही.) मुलांनी जाऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. स्तोत्र 104 मध्ये देवाने समुद्रातला महाकाय प्राणीदेखील खेळण्यासाठी निर्माण केला असे येते. ज्याच्या सृष्टीत खेळाला जागा आहे, तो आपल्या मुलांच्या हसण्यावर रागावणार नाही. जीवरक्षक जाकीट मात्र घाला आणि वाटाड्याचे ऐका.

पण उन्हाळ्यात ते पाणी येते कोठून? ते मूळचे कुंडलिकेचे नाहीच. घाटावर मुळशी येथे मुळा नदीवर टाटांचे धरण आहे. ते पाणी एरवी पुण्याकडे, पुढे भीमा-कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला गेले असते. ते पश्चिमेला वळवून भिरा येथील वीजगृहावर सोडले जाते. हे वीजगृह 1927 साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या व दिवे त्याच्या विजेवर चालले. वीज तयार करून झालेले पाणी खाली कुंडलिकेत येते, म्हणून राफ्टिंगची वेळ वीज कधी बनते त्यावर ठरते. या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे बुडाली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 पासून त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला, तरी धरण झालेच. तराफ्यावर बसणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

सहल संपते तेथे नदी संपत नाही. पुढे रोह्याजवळ धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली महाराष्ट्रातील 53 प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांत कुंडलिका आहे. तीच नदी रेवदंड्याच्या खाडीत उतरते. खाडीच्या एका अंगाला कोर्लई आहे, जेथे आपले कॅथलिक बांधव आजही पोर्तुगीज वळणाची आपली वेगळी बोली बोलतात. यहेज्केलची नदी खाली जाताना जीवन वाढवते आणि आपली नदी खाली जाताना ते हरवत जाते. दृष्टान्त उलटा झाला आहे आणि तो देवाने उलटा केलेला नाही.

कोर्लई आपल्याला दूरची वाटेल. पण आपण वसईकरही कोणाच्या तरी नदीच्या खालच्याच टोकाला राहतो. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण यांचे सांडपाणी घेऊन उल्हास नदी आपल्या खाडीत येते. पाचूबंदरच्या कोळी बांधवांना विचारा, पूर्वी खाडीत काय मिळत होते आणि आता जाळ्यात प्लास्टिक किती येते. आणि त्याच वेळी आपण वरच्या टोकालाही आहोत. आपल्या नळाला येणारे सूर्या नदीचे पाणी ज्या प्रकल्पातून येते, तो मुळात आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी आखला होता. आपल्या वाडवडिलांनी पाणी मुरावे म्हणून राखलेली बावखले मात्र आपणच भराव टाकून बुजवली.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पाण्याविषयी स्वतंत्र भाग लिहिला आणि पिण्याचे शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. आपला बाप्तिस्मा पाण्याने झाला. आद्य ख्रिस्तसभेत तो शक्यतो वाहत्या, ‘जिवंत’ पाण्यात देण्याचा प्रघात होता. पापनिवेदनाला येताना आपण राग, खोटे, आळस आठवतो. गटारात ओतलेले आणि ओढ्यात फेकलेले कोणी सांगितलेले मला आठवत नाही.

युवक मंडळाने यंदा कोलाडला जरूर जावे. थर्माकोलच्या ताटल्या नेऊ नयेत, घरून डबे न्यावेत आणि नेलेला कचरा परत आणावा. माझी एकच विनंती आहे. तराफ्यातून उतरल्यावर बस लगेच वसईकडे वळवू नका. रोह्याहून साळावमार्गे कोर्लईला जा, तेथील कार्मेल मातेच्या चर्चमध्ये प्रार्थना करा आणि खाडीवर जाळी टाकणाऱ्यांशी थोडा वेळ बोला. सकाळी तुम्ही ज्या पाण्यावर हसलात, ते संध्याकाळी त्यांच्यापर्यंत कसे पोहोचते ते त्यांच्याकडूनच ऐका. परत आल्यावर त्यांनी काय सांगितले ते याच पत्रकासाठी लिहून द्या.

— तुमचे धर्मगुरू