वाहन, वैभव आणि हिशेब



गेल्या शाबान महिन्यात इशाच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक नमाजी माझ्याजवळ थांबले. वीस वर्षे आखाती देशांत राहून त्यांनी व्यवसाय उभा केला आणि आता ते कोकणात परतले आहेत. मशिदीचे छप्पर असो वा वुजूखान्याची दुरुस्ती, त्यांचा हात नेहमी पुढे असतो. त्यांनी मोबाईलवर एका गाडीचे चित्र दाखवले आणि म्हणाले, "मौलाना, ही घ्यायची मनात आहे. पैसा कष्टाचा आहे, कर्ज काढणार नाही, म्हणजे व्याजाचा प्रश्नच नाही. जायज आहे ना?"

गाडी होती बीएमडब्ल्यू एम5. नोव्हेंबर 2024 मध्ये ती भारतात आली तेव्हा तिची शोरूममधील किंमतच 1 कोटी 99 लाख रुपये होती. रस्ता कर आणि विमा त्यावर वेगळा.

मी म्हणालो, "जायज आहे." ते समाधानाने सलाम करून गेले.

हा प्रसंग त्यांच्या परवानगीने, नाव न घेता लिहीत आहे. माझे उत्तर फिक्हच्या दृष्टीने चूक नव्हते. परंतु ते फार लवकर दिले गेले, ही टोचणी मला त्या रात्री लागली. लवकर का दिले, याचेही उत्तर मला ठाऊक होते. इमामाचे वेतन ज्यांच्या देणगीतून निघते, त्यांना उलट प्रश्न विचारताना जीभ जड होते. हे कबूल करूनच पुढे लिहिणे बरे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. महागडी वस्तू दिसली की तिला हराम म्हणून मोकळे होणे ही आपल्याकडील काही वक्त्यांची सवय आहे. पवित्र कुरआनची शिकवण तशी नाही. सूरह अन्-नहलमध्ये अल्लाहने घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख आपली कृपा म्हणून केला आहे आणि त्यांचे प्रयोजन सांगताना स्वारीबरोबर शोभाही सांगितली आहे. लगेच पुढे असेही सुचवले आहे की तुम्हाला ठाऊक नाहीत अशा वस्तू तो निर्माण करीत राहील. सूरह अल्-आराफमध्ये तर अल्लाहने दासांसाठी काढलेली शोभा हराम ठरवणाऱ्यांनाच जाब विचारला आहे. एक सहाबी जुनेपुराणे कपडे घालून प्रेषितांकडे (सल्ल.) आले. त्यांच्याकडे उंट, घोडे, शेळ्या असे सर्व प्रकारचे धन आहे हे कळल्यावर, अल्लाहने दिले आहे तर त्याची खूण अंगावर दिसू द्या, असे आपण (सल्ल.) त्यांना समजावले. आरामदायी वाहन ही माणसाच्या सुखाच्या गोष्टींपैकी एक, असेही एका हदीसमध्ये आले आहे.

वेगाचेही तसेच आहे. मदीनेत घोड्यांच्या शर्यती होत आणि त्या स्वतः प्रेषित (सल्ल.) लावीत. तयार केलेल्या घोड्यांसाठी हफयापासून सनिय्यतुल-वदापर्यंतचे लांब अंतर होते; ज्यांची तयारी झालेली नसे त्यांच्यासाठी तेथून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचे छोटे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी या शर्यतीत भाग घेतला होता आणि हे अंतरही आपल्याला त्यांच्याच कथनातून कळते. वेगाची ओढ माणसात आहे. धर्माने ती मारली नाही, तिला जागा नेमून दिली.

म्हणून गाडीकडेही न्यायबुद्धीने पाहू. म्युनिकच्या या कंपनीने पहिली एम5 1985 मध्ये काढली. तिच्यात 286 अश्वशक्ती होती. तिचे वैशिष्ट्य असे की ती रस्त्यावर चारचौघींसारखी साधी दिसे. आतली ताकद जाणकारालाच कळे. आजच्या एम5 मध्ये आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून 727 अश्वशक्ती आहे. सुमारे 2.4 टन वजनाची ही गाडी साडेतीन सेकंदांत ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठते आणि 250 वर तिला यंत्रणेनेच लगाम घातलेला असतो. प्रत्येक कामात उत्तमता बाळगणे अल्लाहने आवश्यक केले आहे, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ज्या अभियंत्यांनी चार दशके एकच वस्तू सुधारत नेली, त्यांच्या कामात ही उत्तमता नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? जर्मनीत महामार्गांच्या काही भागांवर वेगमर्यादा नाही. तेथे राहणाऱ्याच्या हातात हे यंत्र खरोखर त्याचे काम करते.

आपल्या रस्त्यावर ते कोणते काम करील? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला ताशी 100 ची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर 120 ची. म्हणजे काही सेकंदांतच कायद्याने परवानगी दिलेला सारा वेग संपतो. कोकणातील घाटात, म्हशींच्या कळपामागे, गावोगावच्या गतिरोधकांवर पोट घासत चालताना ही 727 अश्वशक्ती काय करणार, हे मी त्या नमाजींना नंतर विचारले तेव्हा तेही हसले. कायदा मोडून ती वापरायची म्हटले तर प्रश्न आणखी गंभीर होतो. रस्त्यावरील दुसऱ्याचा जीव हा आपल्या हौसेचा खर्च होऊ शकत नाही.

येथे आपण मुख्य प्रश्नाशी येतो. जी शक्ती वापरता येणार नाही, तिची किंमत मोजताना माणूस नेमके काय विकत घेतो? अर्थशास्त्र सांगेल की किमतीचा मोठा हिस्सा करांचा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर 40 टक्के आहे. चार-पाच वर्षांत अशा गाडीची किंमत किती घसरते, हे जुन्या गाड्यांच्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारावे. परंतु माझ्या मते खरी खरेदी इतरांच्या नजरांची असते. गाडी गल्लीत वळताना चहाच्या टपरीवरची माणसे मान वळवतील, लग्नमंडपासमोर ती उभी राहिली की यजमान धावत येईल, त्या क्षणाची ही किंमत आहे. सूरह अल्-कससमध्ये कारून आपल्या लोकांपुढे थाटामाटात निघाला, तेव्हा पाहणाऱ्यांनी त्याच्यासारखे वैभव आपल्यालाही असते तर, असा उसासा टाकला. तो उसासा ऐकता येणे हेच त्या मिरवणुकीचे प्रयोजन होते. दुसऱ्या दिवशी तेच लोक काय म्हणाले, हे वाचकांना ठाऊक आहे.

बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस या विषयावर मला सर्वांत उपयोगी वाटते. तीत घोडा बाळगणारी तीन माणसे सांगितली आहेत. एकाला घोडा पुण्य मिळवून देतो. तो अल्लाहच्या मार्गात बांधलेला असतो. त्याची दोरी लांब सोडली तर त्याने खाल्लेले गवत आणि उमटलेली पावलेसुद्धा मालकाच्या सत्कर्मांत लिहिली जातात. दुसऱ्यासाठी घोडा आडोसा आहे: कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून तो पाळतो आणि घोड्याच्या मानेत व पाठीवर असलेला अल्लाहचा हक्क विसरत नाही. तिसऱ्याच्या खांद्यावर तोच घोडा ओझे होतो, कारण त्याने तो बढाईसाठी, दिखाव्यासाठी आणि मुसलमानांशी वैर धरून बाळगला. लोकांनी मग गाढवांविषयी विचारले. त्यांच्याविषयी वेगळे काही उतरलेले नाही, असे उत्तर मिळाले. कणभर भले आणि कणभर वाईट दोन्ही दिसतील, ही सूरह अज्-जिलजालमधील सर्वव्यापी आयत मात्र आहे. मोटारीविषयी कोणी विचारले असते, तर उत्तर याहून वेगळे असते असे मला वाटत नाही.

लक्षात घ्या, तिन्ही घोडे घोडेच आहेत. कोणाचे जातिवंत होते आणि कोणाचे साधे, याची चौकशी हदीसमध्ये नाही. त्यामुळे साध्या दुचाकीवर बसणारा इमाम आपोआप दुसऱ्या वर्गात आणि दोन कोटींची गाडी चालवणारा तिसऱ्या वर्गात, असा हिशेब मांडता येत नाही. साधेपणाचाही दिखावा असतो आणि आमच्या वर्गाला तो चांगला जमतो. मात्र वस्तू नजरेत भरणारी असली की मनाची राखण अवघड होते, हे मोठ्यांनी अनुभवले आहे. ह. उमर (रजि.) शामच्या प्रवासात असताना त्यांच्यासाठी एक तुर्की जातीचा घोडा आणला गेला. ते बसले, घोडा झुलत, डौलात चालू लागला आणि ते तत्काळ खाली उतरले. घोडा हराम नव्हता. त्याच्या चालीने आपल्यात काय जागे होऊ लागले आहे, हे त्या स्वाराला कळले, एवढेच.

'मानेतील व पाठीवरील हक्क' हे शब्दही विचार करण्याजोगे आहेत. पाठीचा हक्क म्हणजे गरजवंताला ते वाहन उपयोगी पडावे, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी घेतला आहे. रात्री दोन वाजता शेजारच्या बाळंतिणीला तालुक्याच्या रुग्णालयात न्यायचे असेल, तर ही गाडी दारातून निघेल काय? की आसनाच्या चामड्यावर डाग पडेल म्हणून रिक्षा शोधली जाईल? गाडीच्या किमतीविषयीचा हा प्रश्न कोणत्याही शोरूममध्ये विचारला जात नाही.

जकातचा हिशेबही पाहा. स्वतःच्या वापराच्या वाहनावर जकात नाही. स्वारीच्या घोड्यावर ती नसल्याचे हदीसमध्ये स्पष्ट आहे. दोन कोटी रुपये रोख असते तर अडीच टक्क्यांनी वर्षाला पाच लाख रुपये गरिबांचा हक्क म्हणून बाहेर पडले असते. गाडी झाली की ते पाच लाख थांबतात. यात गुन्हा नाही, शरीअतने दिलेली सवलत आहे. तरी ज्याच्या गावात पाच लाखांत कित्येक मुलींच्या महाविद्यालयाची फी भरली जाते, त्याने हा आकडा निदान मनात उच्चारावा.

हा सर्व विचार करून मी शुक्रवारनंतर त्या नमाजींना घरी चहाला बोलावले. त्यांना म्हणालो, "भाईसाहेब, मी आपल्याला अर्धेच उत्तर दिले. कियामतच्या दिवशी धनाविषयी दोन प्रश्न आहेत, कोठून मिळवले आणि कोठे खर्च केले. आपण मला दुसरा विचारलात. मी पहिला विचारू का?"

त्यांचा व्यवसाय स्वच्छ होता. नोकरांचे पगार वेळेवर जात होते. मग मी वडिलांच्या जमिनीविषयी विचारले. महामार्गाच्या रुंदीकरणात ती गेली आणि 1 कोटी 40 लाख रुपये मोबदला आला, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. आई-वडील दोघेही आधीच अल्लाहला प्यारे झाले. मागे दोन भाऊ आणि तीन बहिणी.

"बहिणींनी हक्कसोड लिहून दिले आहे, मौलाना," ते म्हणाले.

"हिस्सा हातात ठेवल्यावर त्यांनी परत केला, की कागद पुढे केल्यावर सही केली?"

ते काही वेळ गप्प राहिले. नंतर जरा तुटकपणे म्हणाले, "पण याचा गाडीशी काय संबंध?"

त्यांचा राग मला समजला. आपल्याकडे बहिणीने सही केली नाही तर माहेर तुटते, हे सांगावे लागत नाही. तिला ते सहीपूर्वीच कळलेले असते. मनाच्या खुशीशिवाय मुसलमानाचे धन दुसऱ्याला हलाल होत नाही, हे प्रेषितांचे (सल्ल.) वचन सही-अंगठ्याने पूर्ण होत नाही. सूरह अन्-निसामध्ये वारसांचे हिस्से अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहेत. नमाजच्या रकातींची संख्याही कुरआनमध्ये इतकी तपशिलाने दिलेली नाही. मी कागद घेऊन हिशेब मांडला. भावाचे दोन आणि बहिणीचा एक, असे एकूण सात भाग. एका भागाचे वीस लाख. तिघी बहिणींचे साठ लाख दोघा भावांकडे राहिले, म्हणजे तीस लाख यांच्याकडे.

"संबंध एवढाच," मी म्हणालो, "की ही गाडी आज घेतलीत तर तीस लाखांपुरती ती आपली नसेल. गाडीत बसताना स्वारीची दुआ आपण म्हणालच. हे वाहन अल्लाहने आमच्या ताब्यात दिले, असे त्या दुआत आहे."

त्यांनी चहा संपवला, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि फार न बोलता गेले. पुढचे दोन शुक्रवार ते दुसऱ्या मशिदीत गेले, असे ऐकले. मला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडी भीतीही वाटली.

रमजानच्या दहाव्या रोजाला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण होत्या. भाऊ घरी येऊन गेले होते, तोच कागद दाखवून वीस लाखांविषयी बोलले होते. बाईंचा आवाज कापत होता. "मौलाना, घेऊ का मी हे पैसे? उद्या भाऊ मनात धरतील का? ईदला माहेरी जाता येईल ना?"

मी त्यांना सांगितले की आपा, हा आपला हक्क आहे, निःशंक घ्या. माहेराविषयी मी त्यांच्या भावाशी बोलेन, असेही म्हणालो. त्यानंतर ते आमच्याच मशिदीत तरावीहला येऊ लागले. धाकट्या भावाची समजूत अद्याप पटलेली नाही. दोघे मिळून माझ्याकडे येणार आहेत. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही आणि मीही विचारलेले नाही.