सुईच्या टोकावरचा थेंब

जरा बसा. श्वास सावकाश आत घ्या. सावकाश सोडा.

गोंदिया जिल्ह्यातलं रान डोळ्यांपुढे आणा. सालेकसा, देवरीकडचं. पळसाची एक कोवळी फांदी.

फांदीवर लाखेचे किडे आहेत. मोहरीहून लहान. ते रस पितात, अंगातून राळ पाझरते, वाळते. हीच लाख.

लाख म्हणजे झाडावर तयार झालेलं पॉलिमर. धुवून, वितळवून, गाळून तिचा चपडा होतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. जुने सुतार त्याचंच पॉलिश करतात.

आता फांदी सोडा. एक बारीक पोकळ सुई बघा.

तिच्या टोकाशी चपड्याच्या पातळ द्रावणाचा एक थेंब. तांबूस. गोल. खाली अर्थिंग केलेली धातूची पट्टी.

थेंबाकडे बघा. घाई नाही.

सुईला काही हजार व्होल्टचा दाब दिला आहे. पृष्ठताण थेंबाला गोल धरून ठेवतो. विद्युतभार त्याला बाहेर ओढतो.

थेंब लांबतो. टोकदार होतो. शंकू होतो.

भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी 1964 मध्ये या शंकूचं गणित मांडलं : अक्षापासून बाजूपर्यंत 49.3 अंश. आकडा विसरलात तरी चालेल. शंकू विसरू नका.

श्वास घ्या. शंकूच्या टोकातून केसाहून बारीक धार निघते आहे. ती तुटते. तिचे थेंबुकले होतात.

सगळ्यांवर एकाच जातीचा भार. म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. फवारा आपोआप पसरतो.

एका थेंबुकल्याबरोबर खाली या.

वाटेत स्पिरिट उडून जातं. थेंबुकला लहान होतो, भार तेवढाच राहतो. थेंबाला किती भार पेलतो, याची मर्यादा भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1882 मध्येच सांगितली होती. ती ओलांडली, की थेंब फुटतो. आणखी बारीक होतो.

आता पट्टी. तो टेकतो.

पॉलिमरमधून भार चटकन निघून जात नाही. मागून येणाऱ्याला तो दूर सारतो. मागचा उघड्या जागेकडे वळतो. तिथे टेकतो.

पुन्हा एक. पुन्हा एक.

थर भरत जातो. पातळ. सलग. कुंचला नाही, हात नाही. मला यातलं हेच सर्वांत आवडतं.

इथेच थोडा वेळ राहा.

घरी मात्र हे करू नका, स्पिरिट पेटतं. त्याऐवजी स्टीलच्या कपाटावर तळहात टेकवा. रंग पावडर कोटिंगचा असेल, तर पॉलिमरची भारित भुकटी फवारून आणि मग भट्टीत तापवून तो बसवलेला आहे.