पडता भाव आणि अडलेला विक्रेता



पावसाने पाठ फिरवली की भूमसारख्या गावात जागा विकू पाहणारे वाढतात आणि घेणारे कमी होतात. बालाघाटच्या कुशीतील या कोरडवाहू मुलखाने १९७२ चा दुष्काळ सोसला, २०१२-१३ चाही सोसला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर रोखीवर चालणारे जागांचे व्यवहार सर्वत्रच थंडावले. अशा दिवसांत ज्याच्या गाठीला पैसा असतो त्याच्यासमोर एक प्रश्न उभा राहतो. समोरचा अडला आहे म्हणून प्लॉट स्वस्तात मिळत असेल, तर तो त्या भावाने घ्यावा का?

याचे एक ठरलेले उत्तर आपण नेहमी ऐकतो: दोघेही राजी आहेत, मग हरकत कसली? सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीचा त्यासाठी आधार घेतला जातो. त्या आयतीत परस्पर संमतीच्या व्यापाराला मुभा आहे, हे खरे. परंतु त्याच आयतीचा आरंभ एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाण्याच्या मनाईने होतो. ज्या संमतीमागे दवाखान्याचे बिल आणि सावकाराचा तगादा उभा आहे, ती कागदावर पुरेशी असेल. अल्लाहसमोर ती पुरेल काय, याचा विचार करावयास हवा.

मात्र मंदीत जागा घेणे हे मुळात पाप नव्हे. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव बांधून देण्याची विनंती केली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली नाही. भाव ठरविणारा अल्लाह आहे आणि कोणाच्या जिवाबाबत वा मालाबाबत अन्यायाचा दावा आपल्यावर नसताना आपण त्याला भेटावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. (अबू दाऊद, तिर्मिजी) म्हणजे बाजाराचा चढउतार एक आणि माणसाने माणसावर केलेला अन्याय दुसरा.

हा भेद आकड्यांत पाहू. एका प्लॉटला पूर्वी दहा लाख येत होते. मंदीमुळे, कोणतीही घाई नसलेला मालकही आज तो आठ लाखांना देईल. परंतु हा मालक अडलेला आहे, म्हणून सहा लाखांवर तयार होतो. पहिले दोन लाख बाजाराने कमी केले. ते सोसणे विक्रेत्याच्या वाट्याला आले. नंतरचे दोन लाख त्याच्या अगतिकतेने कमी झाले. ते आपल्या खिशात पडतात, तेव्हा आपण जमिनीबरोबर त्याची विवंचनाही विकत घेतलेली असते. मंदीत आपला पैसा अडकून पडण्याची जोखीम असते, असे कोणी म्हणेल. परंतु ती जोखीम आठ लाखांच्या भावात आधीच धरलेली आहे.

उस्मानी राजवटीत हनफी फिकहवरून तयार झालेल्या 'मजल्ला' या संहितेत स्थावर मालमत्तेच्या किमतीत एक पंचमांश इतका फरक हा मोठा गबन, म्हणजे भारी नुकसान मानला आहे. फसवणूक नसेल तर केवळ तेवढ्याने व्यवहार रद्द होत नाही. पण आपले मन तपासायला हे माप उपयोगी आहे. वरच्या उदाहरणात आठ लाखांवर दोन लाखांची, म्हणजे एक चतुर्थांशाची तूट आहे.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरला होता. घोड्याची किंमत याहून जास्त आहे, असे त्यांनी स्वतःच मालकाला सांगितले आणि वाढवत वाढवत आठशे दिरहम दिले. प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा आपण प्रेषितांपाशी (स.) केली आहे, हे त्यांचे कारण होते. मालक तर तीनशेलाही राजीच होता!

"मी घेतले नाही तर दुसरा याहून कमी भावात घेईल," असे काही जण म्हणतात. तसे असेल तर रास्त भाव देऊन त्या माणसाला वाचविण्याची संधी आपल्याकडे चालून आली आहे. गावातील दोन-तीन जाणकारांना आजचा भाव विचारावा आणि तो विक्रेत्यालाही सांगावा. त्याची गरज थोड्या रकमेची असेल, तर जागा घेण्याऐवजी कर्जे हसना द्यावे. तंगीत असलेल्या कर्जदाराला सुस्थिती येईपर्यंत सवलत देण्याचा आदेश सूरह अल्-बकराच्या २८० व्या आयतीत आहेच.

मंदीत खरेदीदारही अडतो. चढ्या भावात इसारपावती झालेली असते, पुढे त्याचा धंदा बसतो आणि उरलेली रक्कम जमत नाही. अशा वेळी बयाणा बुडविण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु हनफी, मालिकी आणि शाफई फिकहमध्ये तो ठेवून घेणे वैध मानलेले नाही. हंबली फिकहमध्ये मुभा आहे. पस्तावलेल्या माणसाचा सौदा जो मोकळा करतो, त्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे. (अबू दाऊद, इब्ने माजा)

खरेदीखतावर सही होते, दुय्यम निबंधकाचा शिक्का बसतो आणि सातबाऱ्यावर नाव चढते. परंतु विक्रेता उद्या त्याच रस्त्याने जाताना त्या जागेकडे कोणत्या नजरेने पाहील, याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. ती जिथे होते, तिथे आपल्या सर्वांना हिशेब द्यायचा आहे.

अल्लाह आपल्या घरांत बरकत देवो आणि कोणाच्या अगतिकतेवर ती उभी राहू नयेत याची तौफीक देवो. आमीन.