निवटीचं शरीर कुठे संपतं?

अहिंसा जीवाच्या बाबतीत पाळायची हे आपण धरूनच चालतो. जीव कुठवर असतो, हे मात्र विचारत नाही. पालघर जिल्ह्यातल्या खाड्यांत पाण्या-जमिनीच्या मधोमध जगणारी निवटी घ्या, आणि ती तर मासा! मातकट अंग, डोक्याच्या माथ्यावर बसवल्यासारखे डोळे, छातीच्या परांवर रेटा देत ओहोटीच्या चिखलावरून पुढे सरकणं. पाण्याबाहेर ती ओल्या कातडीतून आणि तोंडा-घशाच्या अस्तरातून श्वास घेते. कातडी वाळली की श्वास कोंडतो. ती ओली राहते चिखलामुळे. बीळ चिखलात, अंडी बिळात, खाणंही त्याच चिखलावर. मग हा चिखल तिचा परिसर की अवयव? मला तो अवयवाच्या जवळचा वाटतो, आणि म्हणून त्यात विष सोडणं ही जीवहिंसाच वाटते.

हे आजच्या पर्यावरणवाद्यांचं खूळ आहे असं कुणी म्हणेल. पण जैन श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत रानाला आग लावणं आणि तळी-सरोवरं आटवणं हे धंदे आहेत. ज्याच्या शिलालेखांचे तुकडे याच जिल्ह्यात सोपाऱ्याला सापडले, त्या अशोकाने पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राणी तर सांगितलेच, शिवाय जीव असलेला भुसा जाळू नये, विनाकारण वनं पेटवू नयेत, असंही बजावलं. जीवाचा हिशेब करताना दोघांनीही त्याची जागा धरली आहे.

यावर खवचट प्रश्न ठरलेला: निवट्यांचं कालवण करणाऱ्या इथल्या मच्छीमार मांगेल्यांची हिंसा आधी मोजा. मोजूच, ती हिंसा आहेच. पण तिथे धरलेली निवटी जाते, चिखल उरतो, आणि पुढची वीण होते. दुसरा आक्षेप जास्त जड आहे, तो कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दलचा. जैन आचारात गृहस्थाला उद्योगी हिंसेची, म्हणजे पोटापाण्याच्या धंद्यात होणाऱ्या हिंसेची, मोकळीक आहे; बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीवर कितीतरी घरं चालतात, आणि निवटी मारण्याचा तिथे कुणाचाच हेतू नाही. हेतू नाही, हे खरंच. तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ मात्र हिंसेची व्याख्या प्रमादावर उभी करतो. बेफिकिरीने जीव गेला तरी ती हिंसाच. मोकळीक आहे ती न टळणाऱ्या हिंसेपुरती. सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय वसाहतीत असताना नवापूर-दांडीच्या खाडीत रसायनं उतरत असतील, तर ती त्या मोकळिकीत बसत नाहीत. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, ती टाळता येण्याजोग्या याच प्रदूषणाविरुद्ध.