शंभर मीटरच्या पलीकडे

२० जुलै १९८४, पूर्व बर्लिन. पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला. भालाफेकीत शंभरी ओलांडणारा तो आजवरचा एकमेव माणूस. पण त्या वर्षी तो ऑलिम्पिकला जाऊ शकला नाही. त्याच्या देशाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला होता.

१९८६ पासून तर पुरुषांचा भालाच बदलला. गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकवला. आता टोक लवकर खाली झुकतं आणि भाला अलीकडेच पडतो. विक्रमांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आजचा विश्वविक्रम यान झेलेझ्नीचा आहे, १९९६ मधला: ९८.४८ मीटर.

मग होनवर अन्याय झाला का? मला तसं वाटत नाही. मैदान अपुरं पडायला लागलं होतं. शिवाय जुना भाला अनेकदा आडवा पडायचा आणि फेक वैध की अवैध यावर वाद व्हायचे. एकाच्या पराक्रमासाठी मैदानावरच्या बाकीच्यांनी जीव मुठीत धरावा, हा न्याय नव्हे.

पण नियम योग्य असला म्हणून तो फुकटात येत नाही. त्याची किंमत होनने मोजली, तीही काही चूक नसताना. अशा माणसाचं आपण एवढं तरी देणं लागतो, की त्याचा आकडा पुसू नये. तो जुन्या भाल्याच्या नोंदीत अजून आहे.

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत नीरज चोप्राने ८८.०६ मीटरची फेक करून सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्याचा प्रशिक्षक होन होता. ज्या भाल्यामुळे त्याचा विक्रम इतिहासजमा झाला, तोच भाला तो दुसऱ्याला फेकायला शिकवत होता.