कोणाचा हा आनंद?

ऑगस्ट १९४५. इटलीतल्या नेपल्समध्ये हजारो अमेरिकन सैनिकांपुढे अँड्र्यूज सिस्टर्स या तिघी बहिणी गात होत्या. युरोपातली लढाई संपली होती, पण समोर बसलेल्या पोरांच्या नशिबी अजून घर नव्हतं. त्यांची रवानगी पॅसिफिकच्या आघाडीवर व्हायची होती. कार्यक्रम रंगात असतानाच धाकट्या पॅटीच्या हातात एक चिठ्ठी आली. तिने ती वाचून दाखवली : जपानशी चाललेलं युद्ध संपलं. सैनिकांना तो कार्यक्रमातलाच विनोद वाटला. खरं काय ते कळल्यावर उसळलेला जल्लोष मधली बहीण मॅक्सीन पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली.

हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

त्या काळच्या गाण्यांची तबकडी आज कोणी फिरवली, तर घर कसं प्रसन्न होऊन जातं. पण माणसं लाखांनी मरत असताना गायलेलं सुख निर्मळ असतं का? आणि ऐंशी वर्षांनी ते चाखणाऱ्याला त्याचा हिशेब चुकवता येतो का?

गाण्याच्या सुखाबद्दलची ही बोचणी फार जुनी आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन याने ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात कबुली दिली आहे, की आशयापेक्षा गाणंच मनाला जास्त भिडतं तेव्हा आपल्या हातून पाप घडतं. तरी चर्चमधलं गाणं बंद करा, असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं. कारण श्रद्धेच्या पहिल्या दिवसांत तेच ऐकून तो रडला होता. ऑगस्टीनची ही फूटपट्टी लावली, तर अँड्र्यूज बहिणींचं १९४१ चं ‘बूगी वूगी बगल बॉय’ सपशेल नापास होईल. सक्तीने सैन्यात ओढलेल्या एका ट्रम्पेटवाल्याची ती गोष्ट. पण ठेका असा, की सक्ती कोणाच्या लक्षातही राहू नये.

नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत आलेला तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो याचा आक्षेप आणखी कडवट होता. त्याच १९४१ साली त्याने लिहिलं, की लोकप्रिय गाणी साच्यातून निघतात आणि ऐकणाऱ्याला आहे त्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवतात. यात तथ्य नाही असं कसं म्हणावं? १९४३ पासून अमेरिकी लष्कर स्वतःच आपल्या सैनिकांसाठी ‘व्ही-डिस्क’ नावाच्या तबकड्या काढत होतं. पण अडोर्नोने साचा ऐकला, गळे ऐकले नाहीत.

अँड्र्यूज बहिणींच्या गळ्यांचं गणित असं : थोरली लाव्हर्न खालच्या पट्टीत, मॅक्सीन वर, आणि मधून मुख्य चाल घेऊन जाणारी पॅटी. भजनाची सवय असलेल्या मराठी कानाला हे थोडं परकं वाटतं. आपल्याकडे टाळकरी सगळे एकच चाल धरतात. इथे एकाच क्षणी तिघींचे स्वर वेगळे. लाव्हर्नची ओळ सुटी काढून ऐकली तर अर्धवट वाटेल. श्वास एकदम, शब्दाचा शेवट एकदम, आणि मग कोणता आवाज कोणाचा हे सांगणं अवघड.

काश्मीरचा अभिनवगुप्त सुमारे हजार वर्षांपूर्वी ज्याला साधारणीकरण म्हणत होता, ते इथे गळ्यातच घडतं. रंगमंचावरचा शोक रामाचा नाही, नटाचा नाही, प्रेक्षकाचा खासगीही नाही. म्हणूनच प्रेक्षक त्याचा आस्वाद घेऊ शकतो. तिघींच्या मेळात आवाजावर मालकी उरत नाही, तशी गाण्यातल्या विरहावरही. म्हणूनच कधी कोणाला आघाडीवर न पाठवलेला आजचा तरुण ‘इंक स्पॉट्स’ या त्याच काळच्या अमेरिकन गायकमंडळींना ऐकताना हळवा होतो. त्याची ही हुरहुर उसनी म्हणून खोटी ठरवायची, तर नाट्यगृहातलं सगळंच रडणं खोटं ठरेल.

बर्लिनच्या ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ या मंडळींना मात्र मालकी विचारली गेली. सहांपैकी तिघे ज्यू वंशाचे होते, आणि १९३५ मध्ये नाझी राजवटीने त्यांचं एकत्र गाणं बंद पाडलं. ज्यू आवाज कोणता, हे कानाने कुणालाच ओळखता आलं नसतं. त्यासाठी कागद तपासावे लागले.

अमेरिकेने यावर फार फुशारकी मारू नये. इंक स्पॉट्स कृष्णवर्णीय होते. त्यांच्या तबकड्या गोऱ्यांच्या घरीही वाजत, पण सैन्यात काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्याच राहिल्या. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा तो भेद मोडणारा आदेश निघाला १९४८ मध्ये. अँड्र्यूज बहिणींचंही पुढे बिनसलं, पॅटी आणि मॅक्सीन वर्षानुवर्षं दुरावल्या. सुरांचा मेळ मनं जुळल्याचा पुरावा नसतोच. तो मेहनतीने घडवावा लागतो, आणि खरं तर त्यामुळेच त्याचं मोल वाढतं.

आजच्या रसिकांना ज्याचा एवढा लळा, त्या व्हिनाइलचा धागाही युद्धाशीच जाऊन मिळतो. त्याआधी तबकड्या शेलॅकच्या असत, म्हणजे पळस-कुसुमावरच्या लाखेच्या. आणि लाखेचा मोठा पुरवठा भारतातून होई. युद्धात ती दुर्मीळ झाली, १९४२ मध्ये अमेरिकेत तिच्या वापरावर मर्यादा आल्या. शिवाय शेलॅक पडलं की फुटतं. म्हणून अनेक व्ही-डिस्क व्हिनाइलवर छापल्या गेल्या. त्यांचा व्यापार होणार नाही, असं कलाकारांना दिलेलं वचन होतं. १९४९ मध्ये योजना संपल्यावर मूळ साचे नष्ट करण्यात आले. बऱ्याच तबकड्या उरल्या त्या सैनिकांनी सामानात लपवून घरी आणल्या म्हणून. संग्राहकांच्या या लाडक्या वस्तू थोडक्यात चोरीचा माल आहेत!

आणि आवाजावर मालकी न उरण्याचं शेवटचं उदाहरण, ‘मिल्स ब्रदर्स’. ओहायोतल्या पिक्वा गावचे चार गायक भाऊ. खर्ज सांभाळणारा थोरला जॉन १९३६ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या जागी वडील उभे राहिले. १९४२ साली ध्वनिमुद्रित झालेलं ‘पेपर डॉल’ पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बारा आठवडे तिथेच राहिलं. त्यातला खर्ज बापाचा आहे. तो नसता तर उरलेल्या तिघांचे सूर अधांतरी राहिले असते. गाणं ऐकून नाचणाऱ्या कित्येकांना ही अदलाबदल कळलीही नसेल. बाप मात्र त्या जागेवर जवळजवळ वीस वर्षं गात राहिला.